मधल्या वेळचं खाणं

माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होईपर्यंत त्याला सकाळचं जेवण मी भरवायचे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते.

१९९५ सालची गोष्ट. मानखुर्दच्या एका वस्तीत आमची खोली होती, दहा बाय बाराची. आई चेंबूरला चार घरची धुणीभांडी आणि केरफरशी करायची. पहाटे नळाला पाणी यायचं. ते भरून, चूल उरकून ती सातच्या आत स्टेशनची वाट धरायची. वडील नाक्यावर उभे राहायचे, बिगारी काम मिळालं तर मिळालं. माझी शाळा दुपारची. त्यामुळे सकाळी सात ते बारा बाळ माझ्याकडे.

आई वरणभात कालवून स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवून जायची. जाताना रोज तेच सांगायची. "भात बोटाने दाबून बघ. दाणा लागला तर आणखी कुस्कर. पहिला घास गिळला की मगच दुसरा." मीही रोज मान हलवायची. नऊ वाजता डबा उघडला की भाताचा गोळा झालेला असायचा. वरण त्यात पार जिरून गेलेलं, वर कोरडी साय धरलेली. मी पाणी घालून कुस्करायची आणि एक घास त्याच्या तोंडात घालायची. तो घास गालात धरायचा, माझ्याकडे बघायचा आणि हळूच जिभेने बाहेर ढकलायचा. हनुवटीवरून पुसून पुन्हा तोच घास. पुन्हा बाहेर. बाहेर माझ्या मैत्रिणी ठिक्कर खेळायच्या, त्यांचे आवाज यायचे.

चौथ्या-पाचव्या घासाला माझा धीर सुटायचा. मग मी चहात ग्लुकोज बिस्किट बुडवायची. ते आपोआप विरघळायचं, गोड लागायचं, तो गटागट गिळायचा. पाच मिनिटांत काम उरकायचं. थुंकलेला भात टाकून कसा द्यायचा, म्हणून तो मी खायची. पुढे पुढे त्याने थुंकायची वाटही मी बघितली नाही. डबा उघडायचे, त्याला बिस्किट द्यायचे आणि भात मी खायचे. मलाही भूक लागलेली असायची.

हे मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

सव्वा वर्षाचा झाला तरी तो उभा राहीना. हातापायाच्या काड्या, पोट तेवढं पुढे. महिन्यातून दोनदा जुलाब. "दात येतायत" म्हणून शेजारणी सोडून द्यायच्या. शेवटी आईने एका दिवसाचा खाडा करून त्याला दवाखान्यात नेलं, मीही बरोबर होते. तिथल्या डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि विचारलं, "कामाला जाता का?" आई हो म्हणाली. "मग असंच होणार. मूल कुणी बघायचं?" आई गप्प बसली. घरी येईपर्यंत गप्प होती. रात्री दिवा मालवल्यावर वडिलांना म्हणाली, "मी घरी बसते. पण मग त्याच्या ताटात काय वाढायचं, तेवढं त्या डॉक्टरला विचारून या."

आईचं कामाला जाणं आणि लेकराचं पोट, माझ्या मते या विषयातली सगळी अडचण तिच्या त्या वाक्यात आहे.

गरीब वस्तीतली आई कामाला गेली की घरात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. हातात पैसा येतो आणि हातातला वेळ जातो. पैसा आला की लेकराच्या वाट्याला दूध येतं, रविवारी अंडं येतं, आजारपणात उसनवारीसाठी हात पसरावा लागत नाही. बाईच्या हातातला पैसा मुलांच्या पोटाकडे आधी वळतो, हे आमच्या वस्तीत कुणालाही विचारा. वडिलांची मजुरी तुकड्यातुकड्याने आणि नाक्यावरच्या गुत्त्यातून गळत यायची, आईचा पगार महिन्याच्या सात तारखेला थेट किराणावाल्याकडे जायचा. पण वेळेचं काय? सहा महिने ते दोन वर्षं या वयाचं मूल स्वतःच्या हाताने जेवत नाही. त्याचं पोट जेमतेम वाटीभर मावेल एवढं. मोठ्या माणसासारखं दोनदा पोटभर जेवून त्याला चालत नाही. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चारदा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ, शिवाय अंगावरचं दूध, एवढं लागतं. आणि तेही जाडसर, चमच्यावरून न ओघळणारं. आमच्याकडे मात्र बाळाला डाळीचं पाणी, भाताची पेज. पोट भरल्यासारखं दिसतं आणि अंगाला काही लागत नाही.

एका जेवणाला अर्धा तास धरला तर दिवसाचे अडीच-तीन तास झाले. नुसते भरवण्याचे. हे तास कुणीतरी द्यायला लागतात. आई नसेल तर आजी, आजी गावाला असेल तर शेजारीण, नाहीतर घरातली थोरली पोर. शहरातल्या वस्तीत आजी बहुतेक वेळा गावालाच असते. म्हणून थोरली पोर.

"मग घरात बसून करता येईल असं काम घ्यावं," हा सल्ला मी खूप ऐकलाय. आमच्या शेजारच्या मावशी तेच करायच्या. इमिटेशनच्या माळांना मणी ओवायच्या, डझनावर पैसे मिळायचे. दिवसभर घरात, मांडीवर ताट, ताटात मणी. त्यांचं मूल त्यांच्यापासून दोन हातांवर रांगत असायचं आणि त्याच्या हातातही बिस्किटच असायचं. उठून त्याला जेवायला घालायचं म्हणजे दोन माळा कमी. बाई घरात आहे म्हणून तिचे हात मोकळे आहेत असं कसं धरता येईल? घरात आहे म्हणून तिला कुणी दोष देत नव्हतं, एवढाच फरक.

आणि दोष द्यायची ही सवय जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायका कामाला होत्या, तेव्हाही तान्ह्या पोरांचं काय करायचं हा प्रश्न होताच. चाळीत बाळाला सोडून दहा तास गिरणीत उभं राहायचं म्हणजे ते मधल्या वेळात झोपलेलं बरं. त्यासाठी बाळागोळी होती. नावात बाळ, पोटात अफू. १९२०च्या दशकात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणांचा अभ्यास सरकारने एका डॉक्टर बाईंकडून करून घेतला, तेव्हा अफूच्या या गोळ्यांची बाब समोर आली. अफूने मूल झोपतं आणि त्याची भूकही झोपते. हे वाचलं तेव्हा मला माझं चहा-बिस्किट आठवलं. गोळी देणाऱ्या बायांना अडाणी म्हणणं सोपं होतं. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कुणी ठेवला होता?

काहींनी तोही विचार केला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. देशाच्या हिताचं, म्हणजे एकट्या त्या बाईच्या घरापुरता हा मामला नाही. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९४८च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची अट आली, १९६१ साली देशभरासाठी मातृत्व लाभाचा कायदा आला. २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येऊ द्यायचं, हेही कायद्यात लिहिलंय.

त्या २६ आठवड्यांची रजा मला मिळाली. २०१८ साली माझी मुलगी झाली, तेव्हा मी एका खासगी कंपनीत होते, घर वाशीला. सहा महिने भरपगारी. बरोबर सहा महिने, जेवढे दिवस बाळाला आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. हिशेब कसा चोख बसतो बघा. तिच्या उष्टावणाला मी घरात होते. पहिले पंधरा दिवस नाचणीचं सत्त्व, मऊ भात, कुस्करलेला बटाटा, सगळं निवांत, माझ्या मांडीवर. ती घास बाहेर ढकलायची आणि मी हसायचे, कारण मला कुठे जायचं नव्हतं. मूल नवी चव आठ-दहा वेळा नाकारतं आणि मग एक दिवस खातं, हे मी वाचलं होतं आणि मला ते बघायला मिळालं. त्या दिवसांत भावाची फार आठवण यायची. त्याला भात आवडत नव्हता असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

माझ्या आईची रजा किती? सव्वा महिना. तोही परंपरेने दिलेला, मालकिणींनी नव्हे. सव्वा महिन्यात त्यांनी बदली बाई ठेवली होती आणि चारातलं एक घर कायमचं गेलं. चाळीस दिवसांच्या बाळाला वरच्या दुधाची बाटली लागली. त्या बाटलीला लागणारं पाणी, ती उकळायला लागणारं रॉकेल, ती धुणारे हात, यातलं काहीच धड नव्हतं. जुलाब काही दातांमुळे होत नव्हते. आई सांगायची, "पोर रडलं की आईला पान्हा फुटतो. मला लोकांच्या घरातलं पोर रडलं तरी फुटायचा." पदर पिनने घट्ट लावून ती भांडी घासायची, म्हणजे ओला ब्लाऊज दिसू नये. तिचं दूध चेंबूरच्या मोरीत आणि पोर मानखुर्दला बाटलीवर.

घरकामाच्या बायकांना मातृत्व लाभाचा कायदा लागत नाही, कारण तो आस्थापनांसाठी आहे आणि कुणाचं स्वयंपाकघर ही आस्थापना नव्हे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो व्हायला हवाच होता. पण कल्याण मंडळ म्हणजे भरपगारी रजा नव्हे. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात. सहा महिन्यांवर भागले तर महिन्याला साडेआठशेही होत नाहीत. तेवढ्यावर कोणती बाई घरी बसेल?

आकडे थोडक्यात सांगते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि जवळपास २६ टक्के उंचीच्या मानाने वाळलेली. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी शंभरात अकरा. म्हणजे हे फक्त वस्तीचं आणि फक्त कामकरी आयांचं दुखणं नाही. घरी असलेल्या आयांची, चांगल्या घरातलीही मुलं त्या उरलेल्या एकोणनव्वदांत आहेत. तरी दवाखान्यात प्रश्न एकच. कामाला जाता का? "बाप कामाला जातो का?" असं मी तरी कधी ऐकलं नाही.

मग अंगणवाडी कशासाठी आहे, असं कुणी म्हणेल. अंगणवाडीबद्दल मला मनापासून आदर आहे. २ ऑक्टोबर १९७५ला ३३ प्रकल्पांवर ही योजना सुरू झाली, त्यात शहरी अवघे चार होते. आजही तिचा साचा गावाचा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे बसवून गरम खायला मिळतं. तीन वर्षांखालच्यांना घरपोच आहार, म्हणजे शिधा किंवा पाकीट. गावात आई शेतावरून येताजाता पाकीट घेते. अंगणवाडी उघडते तेव्हा मानखुर्दची बाई वाशीत कुणाच्या तरी ओट्यापाशी उभी असते आणि ती परत येते तेव्हा कुलूप लागलेलं असतं. पाकीट शेजारणीने आणून ठेवलं तरी ते शिजवणार आणि भरवणार कोण, हा प्रश्न तिथेच. ज्या वयात मूल सगळ्यात जास्त खचतं, त्या वयाच्या मुलाला बसायला अंगणवाडीत सतरंजीच नाही. सेविका ताईंना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. मागे एकदा मी आमच्या जुन्या वस्तीतल्या अंगणवाडीत बसले होते. ताईंनी एका मुलाच्या दंडाला कुपोषण मोजायची ती रंगीत पट्टी गुंडाळली. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबाराच्या वर हिरवा. माप पिवळ्यावर. ज्या मुलीच्या कडेवर ते मूल होतं ती असेल दहा वर्षांची. ताई तिला समजावून सांगत होत्या. "अंडं कुस्करून दे, तेलाचा एक चमचा घाल भातात, आईला सांग हं." मुलगी मान हलवत होती. ती मान हलवणं मी ओळखलं.

तिच्या दुसऱ्या हातात पाच रुपयांचं कुरकुरीत खाऊचं पाकीट होतं. आता चहा-बिस्किटाची जागा त्याने घेतलीय. स्वस्त आहे, लहान मूलही स्वतःच्या हाताने खातं, भरवणाऱ्याचा अर्धा तास वाचतो. या पाकिटांत विकला जातो तो हा अर्धा तास. नुसतं "देऊ नका" म्हणून ती बंद होणार नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाळणाघर ही आहाराची योजना आहे. बाईला कामाला जाता यावं म्हणून दिलेली सवलत एवढंच तिच्याकडे बघितलं जातं, ते थांबायला हवं. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी शताब्दीची बांधकामं चालू होती, तेव्हा मजूर बायांची तान्ही मुलं धुळीत पडलेली बघून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. मोबाइल क्रेशेस नावाचं ते काम पुढे मुंबईच्या बांधकामांवरही आलं. तिथे मूल दिवसभर असतं, ठरल्या वेळी खातं, त्याचं वजन घेतलं जातं, आजारी पडलं तर कुणाच्या तरी लक्षात येतं. केंद्राने २०२२पासून 'पाळणा' योजना आणली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, दिवसाला साडेसात तास. साडेसात तास! माझ्या आईची चार घरं आणि लोकल त्यात बसली असती. गोवंडी-मानखुर्दच्या प्रत्येक गल्लीत असं एक केंद्र हवं, दहा बाय दहाच्या खोलीत का होईना. जागा नाही हे मला पटत नाही. त्याच गल्लीत मोबाइलच्या दुकानाला जागा मिळते.

माझी मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर वाशीतल्या एका पाळणाघरात जायची. महिन्याला सात हजार रुपये देत होते. त्याच महिन्यात माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंना मी बावीसशे देत होते. त्या खाडीपुलावरून रोज मानखुर्दहून यायच्या, माझ्या आईच्या उलट दिशेने. त्यांचं चौदा महिन्यांचं बाळ घरी थोरल्या मुलीकडे असायचं. हे मला कळायला पाच महिने लागले, कारण मी विचारलंच नव्हतं. मी, जिने हे सगळं केलंय, तिने विचारलं नाही. याची लाज अजून वाटते.

त्यानंतर ताई बाळाला घेऊन यायला लागल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सतरंजी टाकून त्याला बसवायच्या. पहिल्या दिवशी मी वरणभात कालवला, वर चमचाभर तूप. त्याने घास गालात धरला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच बाहेर ढकलला. ताई घाईघाईने म्हणाल्या, "राहू द्या ताई, तो भात खातच नाही. बिस्किट आहे माझ्या पिशवीत." मी म्हटलं, बसा तुम्ही खाली, भांडी कुठे पळून जात नाहीत. पस्तीस मिनिटं लागली. अर्धी वाटी गेली. तिसऱ्या आठवड्यात तो वाटी बघून हात पुढे करायला लागला. पण ही माझ्या एका घराची गोष्ट झाली. ताईंची आणखी तीन घरं होती, त्यातल्या एकीने मूल आणायला साफ नाही म्हटलं आणि उरलेल्या दोघींना ताईंनी विचारलं नाही.

भाऊ आता तिशीचा आहे. उंचीला माझ्या कानाशी. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आमचे वडीलही बुटकेच होते, हे मी स्वतःला सांगत असते. तो रात्रपाळीला जातो आणि त्याची बायको दिवसा एका पॅकिंगच्या युनिटमध्ये. लेकीला सकाळचं तोच भरवतो. आमच्या वडिलांनी कधी भरवलं नाही. काम न मिळाल्याने दहा वाजता नाक्यावरून परत आले तरी ते ओट्यावर बिडी ओढत बसायचे आणि मी आत बिस्किट बुडवत असायची. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे आईकडे जमलो होतो. भाऊ लेकीला घेऊन बसला होता, ताटलीत मऊ भात, तो बोटाने दाबून बघत होता. मी आईजवळ बसले होते, करंज्या लाटत. तेव्हा मी तिला सांगितलं. त्याच्या डब्यातला भात मी खायचे म्हणून.

आई लाटी हातात धरून थांबली नाही की माझ्याकडे बघितलं नाही.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "तुझं धरूनच लावायचे गं भात. डाळ मात्र तेवढीच असायची."